झोपाळ्यासाठी दीड घनफूट साग

5 फूट लांब, 21 इंच रुंद, दीड इंच जाड. झोपाळ्याच्या फळीचं एवढं माप चिठ्ठीवर लिहून मी पुण्यातल्या टिंबर मार्केटला गेले. मिस्त्रींना न घेता, एकटीच.

"सागवान आहे का?" म्हटल्यावर शेठनी विचारलं, "कुठलं?" घाना, टांझानिया, ब्राझील, बर्मा, सीपी... मला आपलं चंद्रपूर-गडचिरोलीकडचं हवं होतं. ते म्हणजेच सीपी, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत नकाशावरून कधीच गेला, वखारीत मात्र अजून नांदतोय. 21 इंची अखंड फळी मागितल्यावर तिथला हमाल हसला. एवढ्या घेराचं झाड आता कुठलं? तीन फळ्या जोडायच्या ठरल्या. त्यांनी काढलेल्या फळ्या एकसारख्या सोनेरी-तपकिरी होत्या. हजार रुपये बयाणा देऊन आले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री सोबत आले. फळीच्या पृष्ठभागाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून पटाशी काढली आणि कडेला जरासा ओरखडा काढला. आतून फिकट, जवळजवळ पांढरं लाकूड निघालं.

"ताई, हा गाभा नाही. वरनं रंग पुसलाय. याला वाळवी लागणार."

एका फळीचा तर निम्मा भाग पांढरा होता. बयाणा काही परत मिळाला नाही. "त्या पैशांत दुसरा माल घ्या" एवढंच उत्तर. त्या माणसाकडून दुसरं काय घ्यायचं, कपाळ? सोडून दिले.

तिसऱ्या वखारीत मनासारखा माल मिळाला. न रंधलेला, खरबरीत, धुळीनं माखलेला. मिस्त्रींनी ओरखडा काढून मला वास घ्यायला लावला. तेलकट, थोडा चामड्यासारखा. तोंडाकडून चिरा पाहिल्या, फळी डोळ्यासमोर धरून वाक पाहिला, दोन फळ्या नाकारून बाजूला ठेवल्या.

मग हिशेब. इंचातली रुंदी गुणिले इंचातली जाडी गुणिले फुटातली लांबी, भागिले 144, की घनफूट. आमच्या फळ्या साडेसात इंच रुंद, पावणेदोन इंच जाड, साडेपाच फूट लांब. तिन्ही मिळून दीड घनफूट. 4,800 रुपये दरानं 7,200, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 8,496. रंधा मारून, कडा काढून, लांबी कापून झोपाळ्यात जाणार होतं जेमतेम 1.09 घनफूट. बाकीचा भुसा, ढलप्या आणि तुकडे, तेही सागाच्याच भावात! मी तोंड वाकडं केलं तर शेठ म्हणाले, "मॅडम, रंधलेली फळी घेतली असती तरी ढलप्यांचे पैसे तुम्हीच दिले असते. फक्त दिसले नसते." यावर काय बोलणार?

दिवस पावसाळ्याचे, लाकडात ओल, म्हणून मिस्त्रींनी लगेच कामाला हात घातला नाही. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या महिनाभर आमच्या हॉलमध्ये पडून होत्या. आल्यागेल्याच्या पायाला लागायच्या. महिन्यानं दोरी लावून पाहिली तर एक फळी दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकली होती. "आता वाकली ते बरं झालं," म्हणत त्यांनी ती उताणी करून रंधा मारायला घेतला. खिडकीतून वारा आला तशा ढलप्या थेट स्वयंपाकघरापर्यंत गेल्या.

कापून उरलेले सहा-सहा इंचांचे तीन तुकडे मी हट्टानं ठेवून घेतलेत. एकावर सध्या कुकर ठेवते.