कुंभाराचं गाढव

स्मरणिका समितीचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "शाळेमुळे तुम्ही कसे घडलात ते लिहून पाठवा." आता मी शाळेत होतो आणि नंतर बरं चाललं हे खरं, पण म्हणून ते शाळेमुळेच झालं हे कोणी ठरवलं? अशा शंका काढायची खोड मला लागली तीपण याच शाळेत बरं का, नववी ब मध्ये, संस्कृतच्या तासाला.

एप्रिल होता, सकाळची शाळा, पत्र्याचा वर्ग, साडेदहालाच पत्रा तापून टकटक वाजायला लागायचा. सरांनी फळ्यावर मडकं काढलं आणि शेजारी गाढव (शेळीच वाटत होती ती). म्हणाले, कुंभाराचं गाढव रोज माती आणतं, मडक्याच्या आधी दरवेळी गाढव हजर, मग गाढव हे मडक्याचं कारण का? मागच्या बाकावरून आवाज, "मंग सर, गधडं नही ऊनं ते?" सगळे हसले पण सर म्हणाले हाच प्रश्न पाहिजे. गाढव नाही आलं तर कुंभार डोक्यावर माती आणेल, मडकं काही अडत नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला अन्यथासिद्ध म्हणतात. पुढे वर्षभर आम्ही एकमेकांना अन्यथासिद्ध म्हणूनच हाका मारल्या.

मग हे सगळं विसरलो. २०१९ ला पुण्यात नोकरी करता करता जीमॅटची, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेची तयारी केली, तेव्हा व्हर्बलला (इंग्रजी वाचन आणि तर्काचा भाग) ६५ मिनिटांत ३६ प्रश्न असायचे, आणि त्यातले 'वीकन' वाले, म्हणजे दिलेला युक्तिवाद ढिला करणारा पर्याय शोधा, यांनी माझं डोकं फिरवलं. क्लासवाल्यांनी दिलेल्या ट्रिका पाठ केल्या तरी मॉकमध्ये चुकायचंच. शेवटी एका रात्री वैतागून प्रश्न आपल्या मातीत आणला. समजा रावेरकडच्या एका गावात ठिबक आलं, मग केळीचे घड वजनदार झाले, म्हणून ठिबकमुळे उत्पन्न वाढलं. हे कसं ढिलं करायचं?

माझा हात पहिला जायचा 'ठिबक सगळ्यांना परवडत नाही' यावर. असेलही, पण परवडण्याचा घडाच्या वजनाशी काय संबंध? 'त्याच वर्षी सगळ्यांनी कंद सोडून टिश्यूची (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली', हां, हे लागतं, आता ठिबक गाढव असायची शक्यता आली. 'टिश्यू लावून पाटपाणीच देणाऱ्यांचेही घड तेवढेच भरले' हे तर त्याहून जोरात. किंवा सगळं उलटंच असेल, ज्यांचं आधीपासून चांगलं पिकत होतं त्यांच्याच खिशात पैसा होता म्हणून त्यांनी ठिबक घेतलं.

आणि एक पर्याय हमखास फसवतो, 'शेजारच्या गावात ठिबक नाही, तिथे घड वाढले नाहीत'. घाईत 'वाढले नाहीत' एवढंच दिसतं आणि आपण टिक करून मोकळे, पण हा तर खुंटा हलवून बळकट करण्याचा प्रकार झाला ना भो! असे मी किती केले असतील... दुसरं म्हणजे पर्याय खरा का खोटा ते तपासत बसायचं नाही, खरा धरायचा आणि बघायचं की 'मुळे' हा शब्द हलतो का. मोडायला पाहिजेच असं नाही, हलला तरी बास.

त्या रात्रीनंतर असले प्रश्न जमायला लागले. त्या रात्रीमुळेच का? मधल्या काळात शंभरेक प्रश्न सोडवले होते, तेव्हा राहू द्या.

तर हे मनोगत लिहायच्या आधी सरांना फोन केला, ऐकू कमी येतं आता. म्हटलं सर, समिती विचारतेय शाळेमुळे कसा घडलो, काय लिहू? सर म्हणाले, "मग मी कुंभार का गाढव ते ठरव आधी." मी भावनेच्या भरात बोलून गेलो, सर माती तर तुम्हीच आणली. पलीकडे थोडा वेळ शांत, मग सर खोकला लागेपर्यंत हसले, "म्हणजे गाढवच ना रे!"