कापू नका, आधी भोकात बघा

"किल्ली मिळणार नाही. कापून टाका." दोन आठवडे कुलूप दुकानात ठेवून घेतल्यावर कुलूपवाल्याने अर्ध्या मिनिटात निकाल दिला. कागदात गुंडाळून दिलं होतं, त्याच गुंडाळीत परत आलं. कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती! अजून आठवलं की डोकं फिरतं.

जुन्या पेटीवरचं लोखंडी कुलूप, मुठीएवढं, कुठेही नाव नाही, आकडा नाही. मी ते लिव्हरचं, म्हणजे आत उचलायच्या पट्ट्या असलेलं, धरून चालले होते. त्या प्रकारात किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक लिव्हर नेमकी तेवढीच उचलायची असते; कमी उचलली तरी अडतं, जास्त उचलली तरी अडतं. ही युक्ती इंग्लिश कुलूपकार रॉबर्ट बॅरनची, 1778 ची. म्हणून मी तारा वाकवून आत खुपसत बसले. आठवडाभर. हाताला काहीच लागेना, उचलायला काही असेल तर ना!

सपाट, दातेरी किल्लीचं म्हणजे अमेरिकन कुलूपकार लिनस येल धाकट्याने 1860 च्या दशकात रूढ केलेल्या, स्प्रिंगवरच्या बारीक पिनांचंही ते नव्हतं, कारण भोक चक्क गोल होतं. गोल भोकात मधोमध खुंटी दिसली तर पोकळ नळीची किल्ली लागते. इथे खुंटीही नाही. नुसता अंधार. टॉर्च मारला तरी गंज आणि तेलाचा काळा राडा. (तेल मीच ओतलं होतं, घरातलं. ते आत चिकट होऊन बसतं. तुम्ही ओतू नका. मग मला रॉकेलने धुवावं लागलं. कोरडं झाल्यावर ग्रॅफाइटची पूड पुरते.)

शेवटी वैतागून काडीच्या टोकाला मेणाचा गोळा लावला आणि आत दाबला. घट्ट होऊ दिला. सरळ ओढला तर तुटेल म्हणून फिरवत काढायला गेले, आणि तो फिरत फिरत आपणहून बाहेर येऊ लागला. हातात आला तेव्हा मेणावर बारीक तिरप्या रेघा, एकाखाली एक. आटे! कुलूप पेचाचं होतं. किल्ली म्हणजे टोकाला आटे पाडलेली दांडी, एवढंच.

आत एक खिटी असते, कडीच्या खाचेत स्प्रिंगने दाबून धरलेली. दांडी खिटीत पिळत न्यायची. दांडीवरची रुंद कड कुलपाच्या अंगाला टेकली की दांडी आणखी आत जाऊ शकत नाही, मग उलट खिटीच दांडीकडे ओढली जाते, स्प्रिंग दबते आणि कडी सुटते. लिव्हर नाही, पिन नाही.

पण आटे जुळले पाहिजेत. 6 मिलिमीटरचा बोल्ट दीड फेऱ्यांत अडकला. जोर लावला असता तर आतले आटेच गेले असते. मग आठवलं, इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचं माप ठरवायचा प्रस्ताव मांडला, त्याआधी जो तो कारखाना आपापले आटे पाडायचा. मेणावरच्या रेघा पट्टीला लावून मोजल्या: अर्ध्या इंचात दहा. व्हिटवर्थच्या मापाच्या पाव इंची बोल्टाला इंचात वीसच आटे असतात. तो लोण्यासारखा गेला.

बोल्टाला कड नव्हती, म्हणून वर दोन नट एकमेकांवर आवळून बसवले. ते कुलपाला टेकल्यावर हलक्या हाताने पिळलं, तीन फेऱ्या, चौथी, आणि कडी सैल. कडी उडत नाही हं, हाताने ओढावी लागते. मी पाच मिनिटं उघडलेल्या कुलपाकडेच बघत बसले होते.

एक सांगायचं राहिलं. लावताना कडी दाबून धरायची आणि बोल्ट उलटा फिरवत काढायचा, स्प्रिंग खिटी परत खाचेत ढकलते. बोल्ट आत राहिला तर कुलूप लागतच नाही. त्या दुकानात परत जाऊन दाखवावंसं फार वाटतंय, पण अजून गेले नाही.