आईची दोन नावं आणि आण्णांची पेन्शन

आण्णा, म्हणजे माझे वडील, जून २०२३ मध्ये गेले. १९९० साली मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून घरी आले, तेव्हापासून त्यांची पेन्शन कधी चुकली नव्हती. तेरावं आटोपल्यावर काकांनी माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढून दिली. डिस्चार्ज बुक (सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं नोंदींचं पुस्तक), पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, पदकांची डबी, सगळं एका खाकी फडक्यात नीट बांधलेलं. मला वाटलं, आता काय, आठवड्याभराचं काम.

डिस्चार्ज बुकात पत्नीचं नाव सुमन. आईच्या आधार कार्डावर शांता.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं. १९७४ साली आण्णांनी 'सुमन' लिहिलं आणि सुट्टी संपवून पलटणीत गेल्यावर तेच नोंदवलं. पुढं आधार काढताना आईनं शाळेचा दाखला दिला, त्यावर माहेरचं नाव. गावात तिला शांता म्हणून हाक मारणारं कुणी उरलेलंही नाही.

आईच्या नावानं पेन्शन सुरू करायला गेलो, तेव्हा बँकेत काउंटरवरच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "ही बाई वेगळी दिसते. कोर्टातून वारस दाखला आणा." आई माझ्या बाजूलाच बसली होती. तिनं फक्त पदर सारखा केला. एकोणपन्नास वर्षांचा संसार केलेल्या बाईसमोर असं कुणी बोलावं? आणि ते चूकही होतं. पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायला कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. नावातली तफावत मात्र दुरुस्त करून घ्यावी लागते.

हे मला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कळलं. तिथं सगळ्यात आधी जायला हवं होतं. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. त्यांनी आधी आईला खुर्ची दिली. "वहिनी, दादा कुठल्या पलटणीत होते?" आईनं पलटण, कंपनी, आण्णांचा नंबर, सगळं एका दमात सांगितलं. वर्षानुवर्षं पत्रांवर तेच लिहून, खाली 'द्वारा ५६ एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्ता घालून पोस्टात टाकलेलं. ते विसरेल कशी? संघटक हसले आणि मला म्हणाले, "ताई, आता लिहून घ्या."

शांता आणि सुमन ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, मृत्यू दाखला, आधार, पॅन, फोटो, पीपीओची प्रत. हे सगळं त्यांच्यामार्फत बेळगावला, सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. तिथं नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा आदेश, निघते, मग प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ येतो आणि 'स्पर्श' या सैन्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर नोंद बदलते. संघटकांनी आणखी एक गोष्ट पाहिली, जी माझ्या ध्यानातही आली नसती: जुन्या कागदांत आईची जन्मतारीखच नव्हती. "याच अर्जात घाला. ऐंशी पूर्ण झाल्यावर २० टक्के जादा मिळतात, तेव्हा पुन्हा धावपळ नको." पंच्याऐंशीला ते ३० टक्के होतात, नव्वदला ४०.

मधल्या काळात एक चूक आमच्याही हातून झाली. आण्णा गेल्याचं कळवायला आम्ही उशीर केला. एक महिन्याची पेन्शन जमा झाली, ती आम्ही काढली आणि नंतर ती वळती झाली. गेलेल्या दिवसापर्यंतचीच पेन्शन हक्काची असते, त्यापुढची नाही. दुःखात हे सुचत नाही, पण घरातल्या एकानं तरी मृत्यू दाखला हातात पडताच 'स्पर्श'वर नोंद करावी.

सुधारित पीपीओ यायला आठ महिने लागले. त्यावर 'शांता उर्फ सुमन' असं होतं. आण्णांची पेन्शन साधारण शेवटच्या पगाराच्या निम्मी होती. आईला त्याच पगाराच्या ३० टक्क्यांच्या हिशेबानं, वर महागाई भत्ता. कमीत कमी ९००० रुपये मूळ रक्कम ठरलेलीच आहे. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर पहिली सात वर्षं किंवा पेन्शनरचं वय ६७ होईपर्यंत, जे आधी येईल तोवर, कुटुंब निवृत्तिवेतन वाढीव दरानं मिळतं. आण्णा चौऱ्याहत्तरचे होते, त्यामुळे ते लागू नव्हतं. थकबाकी मात्र ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची आली, एकदम.

मग ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड तिच्या नावानं केलं. तिला बीपीच्या गोळ्या पॉलिक्लिनिकमधून मिळतात, वेगळी वर्गणी भरावी लागली नाही. सैनिक कार्यालयातून वीरपत्नीचं नव्हे, माजी सैनिकाच्या विधवेचं ओळखपत्र मिळालं. दोन्ही वेगळी असतात.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला तिचं बोटच उमटेना. शेतात राबून रेषा पुसल्यात. केंद्रातल्या मुलानं पाच वेळा यंत्र पुसलं, तिची बोटं पुसली. शेवटी मोबाईलवर चेहऱ्यावरून झालं. "डोळे मिचकवा, आजी," तो म्हणाला, आणि आईनं मिचकवले.

आता घरपट्टी माफीचा अर्ज राहिलाय. सोमवारी ग्रामपंचायतीत जायचंय. अर्जावर कुठलं नाव लिहू, असं आईला विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही लिही."