नळावरची काळी पिशवी

सप्टेंबर २०२२. शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. प्रिन्सिपलनी केबिनमध्ये बोलावलं आणि शाळेचं वर्तमानपत्र यंदापासून माझ्याकडे असल्याचं सांगितलं. आधीच्या बाई निवृत्त झाल्या होत्या आणि इंग्रजी विभागात सगळ्यात नवी मी. नव्या सुनेच्या वाट्याला जे येतं ते आलं.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवते. लग्न होऊन सांगलीहून इकडे आले, काही वर्षं घरी काढली, मग इथल्या ‘अल्टरनेट रूट’ने शिक्षिका झाले. म्हणजे आधी नोकरी धरायची आणि शिकवता शिकवता प्रशिक्षण पुरं करायचं. पत्रकारितेचा अनुभव म्हणाल तर आठवीत असताना शाळेच्या हस्तलिखिताची मी संपादक होते. कारण एकच, अक्षर चांगलं होतं. मुखपृष्ठावर मोर काढला होता आणि आतला प्रत्येक शब्द देशपांडे बाईंनी... नको, नाव नको, आमच्या बाईंनी तपासून दिला होता.

इथे मला काय मिळालं? कपाटाची किल्ली, तीन कॅमेरे (एकाला बॅटरी नाही), अकरा मुलं, आणि सहा आठवड्यांनी अंक. शाळेत या विषयावर बोलायला दुसरं माणूस नाही. गणिताचे सात शिक्षक एका टेबलावर डबा खातात, वर्तमानपत्राची बाई शाळेत एकच असते. न्यू जर्सीत सहाशेच्या घरात स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्था. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, नियमांची फाइल वेगळी. त्यामुळे शेजारच्या गावात काय चालतं याचाही आपल्याला उपयोग होईलच असं नाही.

आमच्या लायब्ररियन बाईंनी सांगितलं, राज्याची एक संघटना आहे, तिकडे जा. गार्डन स्टेट स्कोलास्टिक प्रेस असोसिएशन. नाव भारदस्त, पण चालवणारे सगळे माझ्यासारखेच शिक्षक, शाळा सुटल्यावर वेळ काढून करणारे. बहुतेक राज्यांत अशी एखादी संघटना असते. शरद ऋतूत रटगर्स विद्यापीठात त्यांचा मेळावा असतो. पिवळ्या बसमधून मुलांना घेऊन गेले. मुलं लेआउट आणि फोटोच्या सत्रांना पांगली, मी नव्या शिक्षकांमध्ये जाऊन बसले. शेजारी एक बाई होत्या, वीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या. निघताना त्यांनी कॉफीच्या कपावरचा पुठ्ठा काढून त्यावर स्वतःचा नंबर लिहून दिला. “प्रिन्सिपलनी पहिल्यांदा ‘जरा थांबा’ म्हटलं की फोन कर,” म्हणाल्या. मला वाटलं, गंमत करतायत.

तीन आठवड्यांत फोन केला.

झालं असं. दुसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या नळावर, म्हणजे ते दाबायचं बटण असलेल्या फाउंटनवर, कचऱ्याची काळी पिशवी घालून चिकटपट्टी गुंडाळलेली होती. मुलं रोज बघत होती, कुणी विचारत नव्हतं. आमच्या संपादक मुलीने विचारलं. वय सोळा. न्यू जर्सीत शाळांना पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची चाचणी ठरावीक वर्षांनी करावीच लागते. शिसं एक अब्ज भागांत पंधरा भागांच्या वर गेलं तर तो नळ बंद करून पालकांना लेखी कळवायचं आणि निकाल वेबसाइटवर टाकायचे. वेबसाइटवर होता तो २०१७ चा कागद. तिने ‘ओप्रा’ टाकला. ओपन पब्लिक रेकॉर्ड्‌स अ‍ॅक्ट, आपल्या माहिती अधिकाराचा चुलतभाऊ, फक्त आपल्याकडे तीस दिवस आणि इथे कामाचे सात. सातव्या दिवशी दुपारी पीडीएफ आली. तीन नळ पंधराच्या वर.

बातमी तिने चांगली लिहिली. प्रिन्सिपलची प्रतिक्रिया घ्यायला गेली तर त्यांनी मलाच बोलावलं. माणूस वाईट नाही हो, मुलांच्या प्रत्येक मॅचला हजर असतो. म्हणाले, पालक घाबरतील, पुढच्या महिन्यात बोर्डाच्या बैठकीत विषय येऊ दे, मग छापा. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले. बाहेर येऊन कळलं की मी ‘बरं’ म्हणालेय.

घरी नवऱ्याने आठवण करून दिली की इथे शिक्षक कायम व्हायला चार वर्षं आणि एक दिवस लागतो आणि माझं तिसरं चालू आहे. बाबांना फोन केला, ते चौतीस वर्षं शिक्षक होते. म्हणाले, “हेडमास्तरांना विचारल्याशिवाय आम्ही फळ्यावर सुविचारसुद्धा लिहिला नाही कधी.” मग पुठ्ठा शोधला.

बाईंनी आधी थोडा इतिहास सांगितला. १९६९ चा टिंकर खटला, आयोवातल्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या होत्या. सर्वोच्च न्यायालय मुलांच्या बाजूने उभं राहिलं. मग १९८८ चा हेझलवूड. मिझुरीतल्या एका प्रिन्सिपलनी १९८३ मध्ये अंक छापायला जाण्याआधी दोन अख्खी पानं काढली, कारण एक लेख विद्यार्थिनींच्या गरोदरपणावर आणि एक आईवडिलांच्या घटस्फोटावर होता. तिथे पाच विरुद्ध तीन मतांनी शाळा जिंकली, आणि शैक्षणिक कारण दाखवलं की वर्गात निघणाऱ्या वर्तमानपत्राला कात्री लावता येते असं ठरलं. मात्र राज्याला मुलांना यापेक्षा जास्त संरक्षण देता येतं. कॅलिफोर्नियाचा कायदा तर १९७७ पासूनच आहे. न्यू जर्सीने डिसेंबर २०२१ मध्ये केला. म्हणजे आमच्या नळाची भानगड झाली तेव्हा कायदा वर्षाचाही नव्हता, आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या फाइलमध्ये अजून हेझलवूडच्या भाषेतलं जुनं धोरण लावलेलं होतं. प्रिन्सिपलना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

या कायद्यानुसार काय छापायचं ते मुलं ठरवतात. बदनामी, कुणाच्या खासगी आयुष्यात घुसखोरी, कायदेभंग, शाळेचं कामकाज उधळणारी चिथावणी, असे मोजके अपवाद. अडवायचं असेल तर कारण शाळेने दाखवायचं, तेही वेळ न काढता. ‘पालक घाबरतील’ त्या यादीत नाही. मुलांची बाजू घेतली म्हणून शिक्षकावर कारवाई करता येत नाही, हेही त्यात लिहिलंय. (पण कायम न झालेल्या बाईला पुढच्या वर्षी नको म्हणायचं असेल तर शंभर कारणं सापडतात, हे मला त्या रात्री कायद्यापेक्षा जास्त नीट समजत होतं.)

मग बाईंनी विचारलं, “त्या बातमीत तू काय बदललंस?”

काही नाही म्हणाले. मग आठवलं. मुलीचा मथळा होता, ‘पाण्यात शिसं, शाळेचं मौन’. मी तो बदलून ‘पाणी चाचणीचे निकाल उपलब्ध’ असा केला होता. तिने काही न बोलता मान्य केला, कारण मी तिला मार्कही देते.

“म्हणजे पहिली कात्री तूच लावलीस,” बाई म्हणाल्या. रागावून नाही, पत्ता सांगावा तशा.

तो फोन मी पार्किंगमध्ये गाडीत बसून करत होते. काच धुक्याने भरली होती, आणि मी उगाच त्यावर बोटाने रेघा मारत बसले.

पुढचं त्यांनी पायरी पायरीने सांगितलं. प्रिन्सिपलकडे मी जायचं नाही, मुलीने जायचं. नकार लेखी मागायचा, कुठल्या अपवादाखाली ते विचारायचं. वॉशिंग्टनचं स्टुडंट प्रेस लॉ सेंटर १९७४ पासून विद्यार्थी पत्रकारांना फुकट कायदेशीर मदत करतं, तिथे मुलीने स्वतः संपर्क करायचा. तिने केला. काय बोलणं झालं ते मला आजही पूर्ण माहीत नाही, आणि ते तसंच बरं.

दुसऱ्या दिवशी मी तिला मथळ्याबद्दल सॉरी म्हणाले. विद्यार्थ्याला सॉरी म्हणायची सवय मला नव्हती, हस्तलिखिताच्या बाईंनी मला कधी म्हटलं नव्हतं. तिने तिचाही मथळा घेतला नाही, माझाही नाही. नवीन लिहिला: ‘तीन नळ बंद. का, ते कुणी सांगितलं नाही.’ दोन्हींपेक्षा चांगला होता.

कायद्याची प्रत घेऊन ती शुक्रवारी प्रिन्सिपलकडे गेली. त्यांनी वकिलाला विचारायला सोमवारपर्यंत वेळ मागितला. सोमवारी रात्री डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर निकाल झळकले, पालकांना पत्रही गेलं. मंगळवारी सकाळी एका ओळीची ईमेल, छापायला हरकत नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, मुलगी संतापली. “मिस, आपली बातमी त्यांनीच फोडली!” खरंच होतं ते. पण पीडीएफमधल्या आकड्यांचा अर्थ काय, पिशवी किती दिवस होती, हे फक्त आमच्या अंकात होतं.

त्याच वर्षी मी नव्या शिक्षकांसाठीच्या पत्रकार-प्रशिक्षणात नाव घातलं. पुढे कायमही झाले, कुणी काही बोललं नाही. निदान तोंडावर नाही.

अंक निघाला त्या दुपारी शाळेच्या नर्स हातात तो घेऊनच वर्गात आल्या. तिसरा नळ त्यांच्या खोलीतला म्हणून छापला होता, तो होता शेजारच्या स्टोअररूममधला. मुलीचा चेहरा पडला. मी म्हणाले, दुरुस्ती छापू, आतल्या पानावर, खाली. ती म्हणाली, चूक पहिल्या पानावर झाली ना मिस? पुढच्या अंकात दुरुस्ती पहिल्या पानावर गेली, चौकटीत. मी काही बदललं नाही.