ह्यो काजीचो, ह्यो तेचो

सिंधुदुर्गात संरक्षण अधिकारी म्हणून, म्हणजे घरात छळ होणाऱ्या बायकांच्या तक्रारी नोंदवून कोर्टापर्यंत नेण्याचं काम करताना रोज कुणाचं ना कुणाचं दुखणं कागदावर उतरवावं लागतं. वेंगुर्ल्याकडची एक बाई मात्र मनातून जात नाही. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) काजूच्या कारखान्यात कामाला. टरफलाच्या चिकाने बोटांची सालं निघालेली, नखं काळी. कौटुंबिक घटना अहवाल भरताना मी जखमांचं विचारलं, तसे तिने दोन्ही हात टेबलावर पसरले आणि एकेक डाग दाखवू लागली.

"ह्यो काजीचो. ह्यो पण काजीचो. ह्यो तेचो."

मनगटाच्या आतल्या बाजूला विडीचे गोल चटके होते. काजीचा एकही डाग तिने नवऱ्याच्या नावावर टाकला नाही.

सोबत भाऊ आलेला. भला माणूस, पण "ताये, चल माहेराक," एवढंच त्याचं पालुपद. ती म्हणाली, "ह्या घराचे चिरे मी डोक्यार व्हायलंय. मी कित्याक भायर पडू?"

2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचं कलम 17 हेच सांगतं. घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क तिला आहे, आणि कलम 19 खाली कोर्ट नवऱ्यालाच बाहेर काढू शकतं. हे ऐकून भाऊ गप्प झाला. तिने पिशवीतून बचत गटाचं पासबुक काढलं. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून ते सासूने आपल्या ट्रंकेत लपवलं होतं. सासूने! पुढे साक्षीला तीच उभी राहिली.

सोशिक बाईचं आपल्याकडे फार कौतुक होतं, मला त्याचा राग येतो. मार खातानाही हिने पैसे बाजूला काढले, घरातलं एक माणूस आपल्या बाजूला वळवलं. कौतुक करायचं तर त्याचं करा. आणि जिवावर बेतलेलं असेल तर मी स्वतःच बाईला घर सोडायला सांगते. अशी रातोरात निघून आलेली बाईही तितकीच धीराची.

अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण तारखा पडत राहिल्या. शेवटी अंतरिम आदेश मिळाला, नवऱ्याने घराकडे फिरकायचं नाही असा.

"आनी तेना मोडल्यान तर?"

एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मी सांगितलं. पोलीस ठाण्यातही प्रत जाते.

"मगे आनखी दोन काढा. एक पोलीसपाटलाक, एक सासूक. तिका वाचूक येता."