शेवटची लाँच सुटल्यानंतरची घारापुरी

माझं माहेर घारापुरीचं, शेतबंदरचं. मुंबईकर जिला 'एलिफंटा' म्हणतात, तीच. पाहुणे गेटवेहून तासाभरात येतात, लेणी बघतात आणि संध्याकाळी परत जातात. बेटावर मुक्कामाला परवानगी नसते, त्यामुळे आमचं गाव त्यांनी पाहिलेलंच नसतं.

राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं, आणि गाडी एकही नाही. जेट्टीपासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी धावते, ती पाहुण्यांची. पुढे सगळं पायी. चढवत नसेल त्यांना डोली: लाकडी खुर्ची दोन बांबूंना बांधलेली, चार खांद्यांवर. माझ्या काकांच्या उजव्या खांद्यावर बांबूचा घट्टा पडला होता, जाड आणि काळपट. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचे.

आजी पायऱ्यांवर कैरी, पेरू आणि काकडी विकायची. मीठ-मसाल्याची बरणी कायम मांडीखाली, कारण माकडं आधी तिच्यावरच झडप घालत. शेवटची लाँच सुटली की ती टोपली डोक्यावर घ्यायची आणि म्हणायची, "चल गो बाय, आता बेट आपला."

खरंच आपलं व्हायचं. सोमवारी लेणी बंद, तो आमचा सणच. एरवी गर्दीत महेशमूर्ती धड दिसत नाही. सुमारे वीस फूट उंच, तीन मुखांची. मधलं शांत, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोमल वामदेव. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं, तो मात्र भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मुंबईला गेले की मी त्याला भेटून येते. गावचं माणूस परगावी दिसावं, तसं वाटतं.

मी वाढले ती जनरेटरच्या उजेडात. संध्याकाळी सात ते दहा, बस. समोर मुंबई रात्रभर लखलखत असायची आणि आम्ही कंदिलाची काच पुसायचो. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. आजी त्याच्या आदल्या पावसाळ्यात गेली. रात्री तिला दम लागला, ओहोटी होती, बोट लागेना. खुर्चीला बांबू बांधून काकांनी तिला जेट्टीपर्यंत नेलं आणि पाणी चढायची वाट बघत आम्ही तिथेच बसून राहिलो. पहाटे पलीकडे उरणच्या मोरा बंदराला पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. केबलने घरात फ्रिज आला, पंखा आला, पण रात्रीचं आजारपण आजही भरतीवरच अवलंबून आहे. बेटावर चोवीस तास डॉक्टर हवा, हे मी दर वेळी बोलते आणि बोलत राहीन.

परवा माहेरी गेले होते. शेवटची लाँच सुटली. आईने ट्यूबलाइट लावली, आणि सवयीने आजीचा कंदीलही पुसून खुंटीला अडकवला.