चौथ्या जागेवरची ती

साबुदाणा भिजत पडला की दुपारी कुणीतरी विचारतंच, "उपासाला कोथिंबीर चालते का?" नेम आपणच धरलेला, मोडला तर दंड नाही, बघायलाही कुणी येणार नाही. तरी कोथिंबिरीवर अर्धा तास काथ्याकूट. इतक्याच पोटतिडकीने माणसं एका जुन्या जपानी व्हिडिओ गेमबद्दल भांडतात, आणि मला त्यात काहीही वावगं वाटत नाही.

गेम म्हणजे पहिला 'फायनल फँटसी'. डिसेंबर १९८७ मध्ये जपानात फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर आला, १९९० मध्ये अमेरिकेत त्याच्याच एनईएस या भावंडावर. सहा प्रकारच्या पात्रांतून चौघं निवडायचे आणि जग वाचवायचं. नेम असा, की यातली फक्त व्हाइट मेज जिवंत ठेवायची आणि एकटीनं तिला केऑस या शेवटच्या राक्षसापर्यंत न्यायची. व्हाइट मेज म्हणजे मलमपट्टी करणारी. पांढरा झगा, लाल काठ, हातात फार तर हातोडी. ती बाई की बुवा हे त्या चिमुकल्या चित्रावरून कळत नाही. मी 'ती' म्हणते. नेम जुन्या एनईएसच्या गेमवरच धरायचा. पुढच्या आवृत्त्या बऱ्याच मवाळ आहेत, तिथे हा उपास म्हणजे नुसतं एक वेळचं जेवण सोडणं.

पहिली अडचण खेळ सुरू व्हायच्या आधीच येते. गेम चौघांशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे उरलेल्या तिघांना आपल्यालाच मरू द्यावं लागतं. त्यासाठी तिघंही ब्लॅक मेज, म्हणजे मारक जादूवाले, घ्यावेत, त्यांचा जीव सगळ्यांत कमी. आपली बाई चौथ्या जागेवर ठेवावी. शत्रूचे निम्मे घाव पहिल्या जागेवर पडतात, दुसरीवर त्याच्या निम्मे, तिसरी-चौथीवर आठातला एकेक. मग कोनेरिया या पहिल्या गावाच्या वेशीबाहेर जाऊन इम्प नावाच्या किरकोळ भुतांपुढे तिघांना उभं करायचं, त्यांच्या अंगात काही चढवायचं नाही, आणि वाट बघायची. वेळ लागतो. इम्पचं नख काही फार लागत नाही. एकेक जण आडवा होतो. लढाई संपली की गेम स्वतःहून मेलेल्यांना रांगेत मागे ढकलतो आणि चौथ्या जागेवरची ती पहिली होते. आता नकाशावर चालताना दिसते ती तीच.

सुरुवातीला हातात ४०० गिल, म्हणजे गेममधली नाणी, असतात, आणि त्यांचा हिशेब असा चोख बसतो की कुणीतरी मुद्दाम लावून ठेवल्यासारखा वाटावा. लोखंडी हातोडी १०, कापडी अंगरखा १०, जखमा भरणारी क्युअर ही जादू १००, रूज ही दुसरी जादू १००. उरले १८०, त्यात साठ-साठच्या तीन औषधाच्या बाटल्या. संपले पैसे.

यातलं रूज कुणी घेत नाही. चौघांच्या टोळीत त्याचा उपयोग शून्य, कारण ते फक्त म्हणणारीच्या अंगाला लागतं. पण इथे म्हणणारीच तेवढी उरली आहे! रूज एकदा म्हटलं की घाव चुकवायचा आकडा ८० ने वाढतो, पुन्हा म्हटलं की आणखी ८०, आणि लढाई संपेपर्यंत तो उतरत नाही. पहिल्या पातळीला तिच्याकडे पहिल्या दर्जाच्या जादूचे दोनच वापर असतात. दोन्ही रूजवर घालवायचे. समोर गार्लंड, जीव १०६, भला मोठा चिलखतवाला, राजकन्या पळवून बसलेला. तो तलवार फिरवतोय, फिरवतोय, आणि बहुतेक वार हवेत जातायत. आणि ही हातोडीने टुक, टुक. कधी तीन, कधी नऊ, कधी नुसताच 'चुकला'. फेऱ्यांमागून फेऱ्या. कोंबडीनं पाटा फोडावा तसं दृश्य, पण फुटतो खरा. मिळणारा अनुभवही सगळा तिचाच, कारण गेम तो फक्त जिवंत असलेल्यांत वाटतो. एकटीचं पोट चौपट भरतं.

इथून कोथिंबिरीचे प्रश्न सुरू होतात.

प्राव्होका गावाच्या ईशान्येला जमिनीचं एक टोक आहे. जगाचा नकाशा २५६ बाय २५६ घरांचा. कोणते राक्षस कुठे भेटणार हे ठरवण्यासाठी तो ३२ बाय ३२ च्या ६४ तुकड्यांत सरळ पट्टीनं कापलाय. किनारा काही पट्टीनं चालत नाही. त्यामुळे ते टोक शेजारच्या तुकड्यात गेलंय, आणि तिथे कितीतरी पुढच्या प्रदेशातले राक्षस भेटतात. कसाबसा एखादा मारला तरी पातळी भराभर चढते. हे चालतं का? माझ्या मते चालतं. चूक नकाशा कापणाऱ्याची, चालणारीची नव्हे. पण पातळी चढताना जीव कमी वाढला म्हणून गेम बंद करून पुन्हा सुरू करणं, हे मात्र नाही. ते उपासाच्या दिवशी पोळी कुस्करून तिला भगर म्हणण्यासारखं झालं.

बाटल्यांचं एक सांगून ठेवते. दुकानदार एका वेळी एकच बाटली देतो. निवडा, हो म्हणा, पुन्हा निवडा, पुन्हा हो म्हणा. ९९ बाटल्यांची ठेव करायची तर ५,९४० गिल आणि अंगठ्याची साल. या नेमातली सगळ्यांत खडतर तपश्चर्या हीच, असं माझं ठाम मत आहे. आणि एक खोडी: घर नावाची महागडी वस्तू माळावर वापरली तर गेम आधी सेव्ह होतो आणि मग जादू भरते. तिथून मेलात आणि पुन्हा उघडलं, तर जादूची पाटी कोरी.

मधले टप्पे भरभर सांगते. अ‍ॅस्टोस नावाच्या शत्रूकडे रब नावाची जादू आहे, लागली तर माणूस जागच्या जागी मरतो. चौघांत एक गेला तर चालतं. इथे एक गेली की खेळ खलास. तिच्या अंगात जादूचा प्रतिकार चांगला असतो, पातळीमागे दोन वाढतोही, पण उत्तर शेवटी एकच: त्याच्या किल्ल्याबाहेर ७५ गिलचा तंबू टाकून सेव्ह करायचं आणि जमेपर्यंत आत जात राहायचं. लिच या बड्या राक्षसाची गुहा उलट माहेरासारखी. लिच मेलेलाच, आणि हार्म जातीची जादू मेलेल्यांनाच लागते. त्याचा जीव ४००.

केऑसचा २०००. आणि त्याच्या जादूच्या यादीत क्युअर-४ आहे, म्हणजे ठरलेल्या क्रमात पाळी आली की तो पुन्हा ठणठणीत. मासामुने ही तलवार कुणालाही पेलते, तीही हिच्या हाती आलेली असते. पण जोर मुळातच बेताचा. फेरीला सरासरी ८० बसले तरी २५ फेऱ्या, आणि तेवढ्यात त्यानं यादीतल्या त्या ओळीपर्यंत पोचता कामा नये. फेरीला तो जादू वापरेल की नुसता हात उगारेल, हे फाशांवर. रूजमुळे हात चुकतो, जादू चुकत नाही. हरलात तर शेवटच्या देवळात सेव्हची सोय नाही. लिचसकट चारही जुने बडे राक्षस पुन्हा मारत खाली यायचं.

यात मला कायम खटकतं ते वेगळंच. पाचव्या दर्जाच्या जादूत लाइफ आहे. मेलेल्याला उठवणारी. किंमत ८,००० गिल, आणि तोवर तिच्याकडे त्याच्या कितीतरी पट पडून असतात. ती त्या दुकानात येते, शेजारची क्युअर-३ घेते, आणि बाहेर पडते. मागे ते तिघं, वेशीबाहेर मेलेले, प्रत्येकाकडे प्रकाशाचा एकेक गोल. जहाजात, विमानात, समुद्राच्या तळाशी, आकाशातल्या किल्ल्यात ते तसेच तिच्याबरोबर. गेममधल्या भविष्यवाणीत चार योद्धे आहेत, म्हणून कुणी त्यांना रांगेतून काढत नाही.

केऑस पडला की गेम लांबलचक मजकूर दाखवतो. दोन हजार वर्षांचा फेरा तुटला, प्रकाशाचे योद्धे जिंकले, वगैरे. एकटीनं खेळलात हे त्याच्या गावीही नाही, चौघं जिंकले तरी हाच मजकूर. फक्त इंग्रजी अनुवादात शेवटाकडे एक वाक्य अनेकवचन सोडून एकदम एकवचनात येतं: तो योद्धा म्हणजे तूच.

बहुधा अनुवादकाची घाई असावी.